सीए रिपोर्ट आला का?

राजेहो, सीए म्हटलं की आपल्याला चार्टर्ड अकाउंटंट आठवतो. पण बुलढाण्याच्या किंवा खामगावच्या कोर्टात सकाळी अर्धा तास उभं राहून बघा. वकील पोलिसाला विचारतो, "साहेब, सीए आला का?" पोलीस म्हणतो, "अजून नाही, अमरावतीलाच आहे." हा सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, सरकारी रासायनिक विश्लेषक. त्याचा कागद येईपर्यंत पुडीत काय आहे हे कायद्याच्या लेखी कोणालाच माहीत नसतं. पुडी पकडणाऱ्यालाही नाही, आणि बऱ्याचदा ती विकणाऱ्यालाही नाही.

एक हिशेब मांडतो. समजा एका पोराच्या खिशात 20 ग्रॅम पांढरी पावडर सापडली. बातमी येते: "एमडीसह एकजण ताब्यात". आता ही पावडर मेफेड्रोन असेल, तर कायद्यात 2 ग्रॅमपर्यंत अल्प आणि 50 ग्रॅमपासून व्यावसायिक प्रमाण. 20 ग्रॅम मधे बसतं, म्हणजे दहा वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामिनाचा दरवाजा किलकिला. तीच पावडर एमडीएमए निघाली, तर व्यावसायिक प्रमाण 10 ग्रॅमवरच सुरू होतं. मग शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि कलम 37 मुळे जामीन जवळपास बंद. आणि तीच पावडर किराणा दुकानातली निघाली तर? मग एनडीपीएसचा गुन्हाच नाही.

तिसरी शक्यता गंमत म्हणून लिहिली नाही. मार्च 2015 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, मुंबई पोलिसांतल्याच एका हवालदाराच्या घरातून शंभर किलोहून जास्त पावडर मेफेड्रोन म्हणून पकडली गेली. मुंबईत तो ज्या पोलीस ठाण्यात होता, तिथल्या त्याच्या कपाटातूनही काही किलो निघाली. मेफेड्रोन एनडीपीएसच्या यादीत येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. 5 फेब्रुवारी 2015 ची अधिसूचना. राज्यभर मथळे झाले. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला: हे मेफेड्रोन नाही, हे सोडियम ग्लुटामेट. म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो. खरा माल कुठे गेला, की मुळात नव्हताच, यावर लोक आजही वाद घालतात. माझा मुद्दा वेगळा आहे. शंभर किलो माल डोळ्यांसमोर असताना, अनुभवी पोलीस हजर असताना, ती पावडर काय आहे हे बघून सांगणारा माणूस तिथे नव्हता, आणि असूच शकत नव्हता.

पूर्वी असं नव्हतं.

आपला वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि 1860 च्या दशकात बुलढाणा जिल्हा आकाराला आला (खामगाव आणि जळगाव जामोद तालुके आपल्याकडे आले ते नंतर, 1905 मध्ये, अकोल्यातून). त्या काळात आबकारी खात्यापुढे नशेच्या वस्तू मोजक्याच: मोहाची दारू, अफू, गांजा, भांग. आपल्या उत्तरेला सातपुड्यापलीकडे निमाडातलं खंडवा म्हणजे तर सरकारी परवान्याने गांजा पिकवायचं नावाजलेलं ठिकाण. नर झाडं ओळखून आधीच उपटून टाकायची, म्हणजे मादी झाडाच्या फुलोऱ्यात बी धरत नाही आणि राळ वाढते, हे तिथल्या शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. आबकारीचा शिपाई गांजा ओळखायचा तो नाकाने. अफू ओळखायचा रंगाने, चिकटपणाने, वासाने. वस्तू आणि तिचं नाव यांत अंतर नव्हतं.

1893-94 ला सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत वॉर्डन नावाचे एक डॉक्टर होते, बंगाल सरकारचे रासायनिक परीक्षक. देशभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले. गांजात नशा आणणारं नेमकं द्रव्य कोणतं, हे मात्र त्या काळच्या रसायनशास्त्राला सापडलेलं नव्हतं. राळ काढता येत होती, तिचं वजन करता येत होतं, बस. तरी कारभार चालला, कारण कर पानाफुलावर होता, रेणूवर नव्हता.

रासायनिक परीक्षक असायचे, पण त्यांचं मुख्य काम विषाचं. सोमल, धोत्रा, अफू. मुंबईत आय. बी. लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि सरकारचे केमिकल अ‍ॅनालायझर होते. भारतातल्या न्यायवैद्यकावर त्यांनी 1880 च्या दशकात लिहिलेलं पुस्तक पुढे कित्येक वर्षं कोर्टात वापरलं गेलं. आजचा 'सीए' हा शब्द त्या खुर्चीचा वारसा आहे. मध्य प्रांताचा परीक्षक मात्र बसायचा थेट आग्र्याला. अर्नेस्ट हँकिन नावाचा हा गडी 1892 ला तिथे आला. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे 1896 ला लिहिणारा तोच. 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे बघा, आपल्या मातीतल्या खुनाचं आणि नशेचं उत्तर कोणत्या शहरातून यायचं, हे नकाशा ठरवत आला आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्रात. राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, मग नागपूर आणि इतर ठिकाणी विभागीय प्रयोगशाळा, आणि आता आपल्यासाठी अमरावती. आग्र्यापेक्षा अमरावती जवळ, यात वाद नाही.

पण दरम्यान वस्तूच बदलली. वनस्पती गेली आणि पावडर आली. पावडर पांढरी असते. मेफेड्रोन पांढरं, केटामाइन पांढरं, तुरटीचा चुरा पांढरा. नाकाचं काम संपलं.

त्यावर पोलिसांकडे आलं ते रंगाचं किट. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं रसायन मार्क्वि रिएजंट: गंधकाम्लात थोडं फॉर्माल्डिहाइड. हे 1896 सालचं आहे. हँकिन आग्र्यात गंगेचं पाणी तपासत होता, त्याच वर्षीचं. थेंब टाकला की अफू-हेरॉइनला जांभळा रंग, एमडीएमएला काळपट जांभळा, अ‍ॅम्फेटामाइनला नारिंगी-तपकिरी. स्वस्त, झटपट, खिशात मावणारं. सव्वाशे वर्षं टिकलं म्हणजे त्यात दम आहे, हे मान्यच. पण अडचण अशी की ते रेणू ओळखत नाही, रेणूंचा एक गट ओळखतं. मेफेड्रोनला तर मार्क्वि जवळजवळ दादच देत नाही, फार तर फिकट पिवळं पडतं. उलट साध्या साखरेवर तीव्र आम्ल पडलं की तीही पिवळी-तपकिरी होते. म्हणून किटचा निकाल पंचनाम्यात 'प्राथमिक' म्हणूनच लिहितात, आणि खरा निकाल अमरावतीच्या कागदाची वाट बघतो.

आता ज्या यंत्रासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, त्याकडे येतो. नाव एनएमआर. घाबरू नका, तुम्ही त्याच्या भावाला ओळखता. आपल्याकडच्या दवाखान्यातून अकोल्याला किंवा संभाजीनगरला "एमआरआय काढून आणा" म्हणून पाठवतात ना, तोच. तत्त्व एकच. 'न्यूक्लिअर' शब्दाला पेशंट घाबरतील म्हणून दवाखान्यात तो गाळला, इतकंच. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक हे बारीक चुंबकासारखं वागतं. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरी दिल्या की ते ठरावीक सुरात उत्तर देतं. आणि तो सूर शेजारी कोण आहे यावर किंचित बदलतो. एकाच रेणूतले वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळ्या सुरात बोलतात.

हे शेजाऱ्याचं गुपित स्पष्ट दिसलं ते दारूवर. 1951 साली अमेरिकेत अर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी इथाइल अल्कोहोलचा एनएमआर काढला आणि एका शिखराऐवजी तीन दिसली. तिन्हींचं क्षेत्रफळ 3:2:1. अल्कोहोलच्या रेणूत तीन तऱ्हेच्या जागी तीन, दोन आणि एक असे हायड्रोजन असतात, बरोबर तितकंच. रसायनशास्त्रात एनएमआरचं राज्य सुरू झालं ते इथून. आणि त्या तिघांतले एस. एस. धर्मट्टी आपले, भारतीय. पुढे ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे देशातल्या एनएमआर संशोधनाचा पाया घातला. ज्या शोधाचा नोबेल 1952 ला ब्लॉख आणि पर्सेल यांना मिळाला, त्यातल्या ब्लॉखच्याच परिसरातून आलेला माणूस कुलाब्यात बसून पोरं घडवत होता. आपल्या शाळेत कोणी हे सांगितलं नाही, निदान मला तरी नाही.

गांजाचं जुनं कोडंही याच तंत्राने सुटलं. हेम्प कमिशनला जे सापडलं नव्हतं ते 1964 ला इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांना सापडलं: टीएचसी. त्यांनी रेणूची रचना ठरवताना एनएमआरचा आधार घेतला. मेशुलाम नंतर सांगायचे, की तपासायला हशीश पाहिजे म्हणून ते सरळ पोलिसांकडे गेले, पाच किलो माल घेतला आणि बसने घेऊन आले. बसमध्ये लोक विचारत होते, हा कसला वास येतोय! आपल्याकडे एसटीत कोणी असं केलं तर कंडक्टर आधी उतरवेल.

पण हे सगळं मोठ्या संस्थांचं. 1961 ला व्हेरियन कंपनीचं ए-60 हे यंत्र आलं, 60 मेगाहर्ट्झचं, तर त्याला खोली लागायची. नंतरच्या ताकदवान यंत्रांना द्रवरूप हेलियम लागतं, ते सतत भरत राहावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी हे जमण्यासारखं नव्हतंच. साधारण 2010 नंतर चित्र बदललं. कायमचुंबक खास पद्धतीने रचून त्याच 60 मेगाहर्ट्झच्या आसपासची यंत्रं टेबलावर मावायला लागली. हेलियम नको, वेगळी खोली नको, दोन माणसं उचलून ठेवतील. म्हणून बेंचटॉप एनएमआर. इंग्लंडमध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी पकडलेल्या खऱ्या मालावर हे वापरून बघितलं आणि 2019 ला निष्कर्ष छापले. नमुना विरघळवा, नळीत भरा, काही मिनिटांत आलेख, आणि संगणक तो साठवलेल्या आलेखांशी जुळवून नाव सांगतो.

आपल्या 20 ग्रॅमच्या पुडीवर हे कसं चालेल? आलेखाच्या एका टोकाला, 7 ते 8 आकड्यांच्या दरम्यान, बेंझीनच्या कड्यावरचे हायड्रोजन दिसतात. मेफेड्रोनमध्ये कड्याच्या समोरासमोरच्या टोकांना दोन गट बसलेले असतात, म्हणून तिथे दोन-दोनच्या दोन जोड्या नीट उभ्या राहतात. तोच गट एक घर बाजूला सरकवला की 3-एमएमसी नावाचा भाऊबंद होतो. वजन तेवढंच, अणू तेवढेच, पण या भागातली नक्षी वेगळी. वजनावर ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला अशी भावंडं वेगळी करणं अवघड जातं, एनएमआरला ते सोपं. एमडीएमए असेल तर 6 च्या जवळ एक शिखर एकटंच उभं दिसतं, मेफेड्रोनला ते नसतंच. आणि अजिनोमोटो? त्याच्या रेणूत कडंच नाही. 7 ते 8 चा सगळा पट्टा उन्हाळ्यातल्या पैनगंगेसारखा कोरडा. साताऱ्याच्या त्या पावडरीचा पहिला खुलासा चहा थंड व्हायच्या आत झाला असता.

अजून एक गोष्ट हे यंत्र करतं. शिखराचं क्षेत्रफळ म्हणजे सरळ हायड्रोजनची मोजणी. त्यामुळे माहीत असलेलं दुसरं एखादं शुद्ध रसायन मोजून सोबत टाकलं की पावडरीत माल किती आणि भेसळ किती हेही निघतं. यावर आपल्याकडे मोठी कायदेशीर लढाई झालेली आहे. 2008 ला मायकेल राज प्रकरणात चार किलोच्या वर पावडर होती, पण हेरॉइन त्यात दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शिक्षा शुद्ध मालावर ठरवा. सरकारने 2009 ला अधिसूचना काढून सगळं मिश्रण मोजायचं ठरवलं. आणि एप्रिल 2020 मध्ये हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं: भेसळीसकट वजन. मला स्वतःला 2008 चा विचार जास्त न्याय्य वाटतो. चिमूटभर नशा पोतंभर मैद्यात कालवणारा आणि शुद्ध माल बाळगणारा एकाच तराजूत बसू नयेत. पण आज कायदा तो आहे. तरी शुद्धता कळणं फुकट जात नाही. पोरगं बेशुद्ध पडून दवाखान्यात आलं तर डॉक्टरला त्या गावात फिरणारी पावडर किती कडक आहे आणि तिच्यात काय मिसळलंय, हे कळलं पाहिजे.

आता म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईचं, बुलढाण्यात काय? अर्धं खरं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बातम्या मुख्यतः गांजाच्या: तुरीत, कपाशीत आडोशाला लावलेली झाडं. तिथे एनएमआरची गरजच नाही. भिंगाखाली पानावरचे केस दिसतात, जुन्या चाचण्या पुरतात. गांजाच्या केसमध्ये घोळ वेगळाच असतो. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. सोबत फुलोरा नसलेली पानं आणि बी त्यात धरत नाहीत. आपल्याकडे झाडं मुळासकट उपटतात आणि फांद्या, पानं, ओली माती असं सगळं काट्यावर टाकतात. वीस किलोची व्यावसायिक रेघ अशी ओलांडली जाते आणि मग उच्च न्यायालयात वकील नेमका तोच मुद्दा काढतो. अशा मुद्द्यावर जामीन मिळालेले आहेत. त्याला यंत्र नको, काटा आणि थोडी अक्कल पाहिजे.

पण पावडर आपल्या वेशीवर आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने कारखाने पकडले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्याजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीतून सुरू झालेल्या प्रकरणात दीड टनाहून जास्त मेफेड्रोन निघालं. हा माल आता समुद्रावरून येत नाही, आपल्याच एमआयडीसीत शिजतो. मलकापूर-खामगाव महामार्ग आणि समृद्धी दोन्ही आपल्या जिल्ह्यातून जातात. वेगळं सांगायला नको.

आणि वेळेचं काय? 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रयोगशाळेने अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला 180 दिवस, ते वर्षापर्यंत वाढवता येतात. अहवाल न जोडता दाखल केलेलं दोषारोपपत्र पुरं की अपुरं, यावर देशभरातल्या उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. पुरं धरलं तर ज्याच्या खिशात कदाचित तुरटी होती तो पोरगा आत बसून राहतो. अपुरं धरलं तर कदाचित खरा विक्रेता तांत्रिक जामिनावर बाहेर येतो. दोन्ही बाजूंना चूक होते, आणि तिचं मूळ एकच आहे: कागद वेळेवर आला नाही. अमरावतीत बसलेल्या विश्लेषकांना दोष देत नाही. पाच जिल्ह्यांची विसेरा, दारू, विष, रक्त, सगळं त्यांच्याच टेबलावर येतं.

म्हणून मला वाटतं, टेबलावरचं यंत्र अमरावतीला तर हवंच, पण पावडरींच्या पहिल्या छाननीसाठी जिल्ह्यातही असावं. राज्याने फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन आणल्यात, सात वर्षांवरच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जावं असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. त्याच साखळीत हे बसू शकतं. अडचणी आहेतच. चुंबकाला एकसारखं तापमान लागतं आणि मे महिन्यात मलकापूरला लाइन गेली की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. यंत्राला काही मिलिग्रॅम तरी माल लागतो, त्यामुळे कागदाच्या तुकड्यावरचं एलएसडी त्याला दिसणार नाही. पाच-सहा वस्तूंची खिचडी असली की शिखरं एकमेकांवर चढतात आणि मग जीसी-एमएसच लागतो. साठवलेल्या आलेखांत नसलेला नवा रेणू आला तर संगणक गप्प बसेल, वाचायला रसायनशास्त्र शिकलेला माणूसच लागेल. तो माणूस आपल्याकडे आहे. बुलढाणा, खामगाव, चिखलीच्या कॉलेजांतून दरवर्षी एमएस्सी केमिस्ट्री होऊन पोरं-पोरी बाहेर पडतात आणि पुण्यात औषध कंपनीत बारा तासांच्या शिफ्टला लागतात.

गटातल्या वकील मंडळींना आणि पोलीस मित्रांना एक विनंती. तुमच्या हातून गेलेल्या एनडीपीएसच्या केसेसमध्ये नमुना अमरावतीला पोचल्यापासून सीए हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, तेवढा आकडा खाली लिहा. केसचं नाव, आरोपीचं नाव नको. फक्त वर्ष, वस्तू आणि दिवस. पंचवीस-तीस आकडे जमले तरी पुढची पोस्ट त्यावर लिहितो.